उतार केला, पण मोजला का?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की पुण्यात पदपथांच्या कामांना एकदम जोर चढतो. जुन्या फरशा उखडतात, नवे पेव्हर ब्लॉक बसतात, चौकाच्या कोपऱ्यावर सिमेंटचा एक उतार ओतला जातो आणि त्यावर निळ्या रंगात व्हीलचेअरचे चित्र काढले जाते. चित्र बहुधा बरोबर असते. उताराबद्दल तसे म्हणता येत नाही. दिव्यांगांची वाट निधीअभावी अडते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पैसे खर्च होतात, सिमेंटही पडते आणि शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरांत काम वाया जाते, कारण बिल निघण्याआधी त्यावर कोणी पाणसळ (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) ठेवलेली नसते.

उताराचे मान्य प्रमाण एकास बारा आहे. एक सेंटिमीटर चढायचे तर बारा सेंटिमीटर लांबी हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या संहितेत (आयआरसी १०३) कडेच्या दगडाची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर सांगितली आहे. तेवढ्या उंचीला १.८० मीटर लांबीचा उतार पुरतो. आपल्याकडे दुचाक्या वर चढू नयेत आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून ठिकठिकाणी २०-२५ सेंटिमीटरचा दगड बसवतात. २५ सेंटिमीटरला तीन मीटर लांबी लागते, आणि पदपथच मुळात दोन मीटर रुंद असतो. मग गवंडी तो उतार मीटरभरात कोंबतो. होतो एकास चार.

एकास चार म्हणजे काय, तेही पाहू. खुर्ची आणि तीत बसलेली व्यक्ती मिळून ९५ किलो धरले, तर एकास बाराच्या उतारावर खुर्ची मागे साधारण आठ किलोच्या जोराने ओढली जाते. एकास सहावर हाच जोर सोळा किलोच्या घरात जातो, एकास चारवर तेवीस. त्यातून व्हीलचेअरचा तोल मागच्या मोठ्या चाकांच्या आसाच्या जेमतेम पुढे असतो. चढ तीव्र झाला की तो आसाच्या मागे सरकतो आणि खुर्ची पाठीवर उलटते. उतरताना वेगळीच गंमत. पाय ठेवायची पट्टी जमिनीपासून पाच-सात सेंटिमीटर वर असते. उतार संपून रस्ता सुरू होतो त्या कोनात ती रुतते आणि माणूस पुढे फेकला जातो.

हे तपासायला अभियंताच हवा असे नाही. गवंड्याची ६० सेंटिमीटरची पाणसळ घ्यावी. तिचे वरचे टोक उतारावर टेकवून खालचे टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलावे आणि त्या टोकाखालची फट टेपने मोजावी. फट पाच सेंटिमीटर किंवा कमी असेल तर उतार ठीक. साडेसात भरली तर एकास आठ, दहा भरली तर एकास सहा. मोबाइलमधले कोन दाखवणारे ॲपही चालते, त्यात ४.८ अंशांच्या वर आकडा जाता कामा नये. मात्र एकाच जागी मोजून थांबू नये. वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन जागी मोजावे. तळाशीच खरी गडबड असते, कारण शेवटचा फूटभर भाग थापीने नजरेच्या अंदाजाने गोल करून डांबराला भिडवलेला असतो.

जागाच कमी असेल तर काय? त्यालाही उपाय आहे. पदपथाला छेद देणारा उतार करण्याऐवजी कोपऱ्यावरचा पदपथच पूर्ण रुंदीने खाली उतरवायचा आणि त्याचे दोन्ही बाजूंचे उतार पदपथाच्या लांबीच्या दिशेने द्यायचे. लांबीला जागेची टंचाई नसते. पण त्यासाठी आजूबाजूच्या चेंबरची झाकणे आणि विजेचे फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेट्या) आधी पाहावे लागतात. ते कोणी पाहत नाही आणि मग उताराच्या मधोमध झाकण येते.

आता त्या दोन सेंटिमीटरांविषयी. उतार रस्त्याला मिळतो तिथे बहुतेक ठिकाणी एक कड राहते. डोळ्यांना ती दिसतही नाही. व्हीलचेअरची पुढची चाके मात्र १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची असतात. दोन सेंटिमीटरच्या उभ्या कडेला ती जागच्या जागी थांबतात, बसलेला माणूस थांबत नाही. ही कड का राहते? पदपथाची निविदा वेगळी, डांबरीकरणाची वेगळी. उतार आधी होतो, डांबराचा थर नंतर येतो. थर चढला तर उताराच्या पायाशी खड्डा होतो, रस्ता खरवडला तर पायरी होते. त्यामुळे उताराचा शेवटचा अर्धा मीटर डांबर पडल्यानंतरच करावा, एवढी एक ओळ निविदेत घातली तरी निम्मे कोपरे सुधारतील. पाण्याचेही तेच. उताराचा पाया हा रस्त्याच्या कडेचा सर्वांत खोलगट भाग असतो, म्हणून जुलैत तिथेच डबके साठते. पाण्याची जाळी उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला हवी. आपल्याकडे ती उताराच्या पलीकडे किंवा थेट पायथ्याशी असते, आणि जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला समांतर. पुढचे चाक त्या फटीत बरोब्बर बसते.

आमच्या मते मोठ्या चौकांत उतारांच्या फंदात न पडता रस्ता ओलांडायची पट्टीच पदपथाच्या पातळीला उचलावी. पादचारी सपाट चालतो, गाडी चढते आणि उतरते, वेगही आपोआप कमी होतो. कडेला पाण्यासाठी पाइप टाकायला विसरले की मात्र दोन्ही बाजूंना तळे होते, आणि मग ‘हे पुण्यात चालत नाही’ असा निष्कर्ष काढून पट्टी उखडली जाते.

सोसायट्यांच्या फाटकांचेही हेच. दर दहा पावलांवर गाडी आत घ्यायची म्हणून पदपथ खाली वाकवतात. चालणाऱ्याला तो लाटांसारखा लागतो आणि आडवा उतार तर विचारूच नका. पाणी वाहून जायला पन्नासास एक एवढा आडवा उतार पुरे, म्हणजे दीड मीटर रुंदीला तीन सेंटिमीटर. त्याहून जास्त झाला की खुर्ची सतत रस्त्याकडे वळते आणि माणसाला एका हाताने चाक अडवत दुसऱ्या हाताने ढकलावे लागते. पदपथ सपाट ठेवून मोटारीला चढू द्यावे. मोटारीला इंजिन असते.

पेव्हर ब्लॉकबद्दल एवढेच, की दोष ब्लॉकचा नाही. केबल किंवा पाण्याची लाइन टाकायला चर खणतात आणि माती एकदम लोटून वर ब्लॉक ठेवतात. माती १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी ठोकून भरली नाही तर पहिल्या पावसात ती बसते, वरची कचही वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगतो. कुबडीचे टोक अशा ब्लॉकवर पडले की ब्लॉक कलंडतो, आणि कुबडी वापरणाऱ्याला सावरायला दुसरा पाय असतोच असे नाही.

सर्वांत अवघड प्रश्न खांबांचा आहे, आणि त्यावर सोपे उत्तर असल्याचा आव आम्ही आणणार नाही. पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी बोलार्ड उभे करतात. त्यांच्यातले अंतर कुठे ६० सेंटिमीटर, कुठे ७०. व्हीलचेअरची रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर, त्यात चाक फिरवणाऱ्या हातांच्या कोपरांना जागा हवी. म्हणून ९० सेंटिमीटर तरी मोकळे लागते आणि १२० असलेले बरे. पण स्कूटरचे हँडलही साधारण ७०-७५ सेंटिमीटरचेच असते. म्हणजे जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर जातेच जाते. खांबाला माणूस ओळखता येत नाही. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून नागमोडी रेलिंग लावतात. त्यातून स्कूटर थोड्या कसरतीने निघते आणि व्हीलचेअर मात्र अडकते. पदपथावरची दुचाकी हा वाहतूक शिस्तीचा प्रश्न आहे. तो दंडाने सोडवायचा की खांबाने, याचा निर्णय आपण खांबाच्या बाजूने दिला आणि किंमत खुर्चीवाल्यावर टाकली. खांब ठेवायचेच असतील तर १२० सेंटिमीटरवर ठेवा आणि तिथे पोलीस उभा करा. साइड व्हील लावलेली स्कूटर चालवणाऱ्यांनाही पार्किंगच्या जागेपासून पदपथावर यायला हीच रुंदी लागते, हे जाता जाता.

अंधांसाठीच्या पिवळ्या फरशांविषयी गैरसमज फार आहेत. लांबट पट्ट्यांची फरशी ‘याच दिशेने चाला’ असे सांगते, गोल ठिपक्यांची ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ असे. ठिपक्यांची फरशी जिना, उतार किंवा रस्ता सुरू होण्याआधी ३० सेंटिमीटरवर हवी, वळणावर आणि फाट्यावर हवी. आपल्याकडे दोन्ही प्रकार नक्षीसारखे वापरलेले दिसतात. पट्टीच्या फरश्या थेट झाडाच्या आळ्यात जातात किंवा फीडर पिलरच्या दारात संपतात. पट्टीच्या दोन्ही अंगांना ६० सेंटिमीटर मोकळे ठेवायचे असते. तिथे चहाची टपरी, जाहिरातीचा फलक आणि लावलेल्या दुचाक्या असतात. पांढऱ्या काठीला जमिनीवरचे कळते, कमरेच्या वरचे कळत नाही. म्हणून विजेच्या खांबाची तिरपी ताणतार, पेठांतल्या लोंबत्या केबल, दुकानाचे अर्धे उघडे शटर आणि जिन्याखालची मोकळी जागा हे खरे घातक. डोक्यावर २.२० मीटर मोकळे हवे. चकचकीत स्टीलचे ठिपके तर लावूच नयेत. ओल्यात ते घसरतात, आणि ज्यांना थोडे दिसते त्यांना उन्हात त्यांची तिरीप येते. अंधांपैकी पुष्कळांना थोडे दिसते, म्हणून पिवळा रंग आणि भोवती गडद फरशी हा फरक शोभेसाठी नसतो. राखाडीत राखाडी फरशी बसवून ‘एकसारखे छान दिसते’ म्हणणाऱ्या वास्तुरचनाकारांना हे कोणीतरी सांगायला हवे.

सिग्नलचे गणित साधे आहे. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरले जाते. १८ मीटरचा रस्ता त्याला १५ सेकंदांत पार होतो. वॉकर घेऊन चालणारी आजी किंवा पायाला कॅलिपर (आधाराचा सांगाडा) लावलेला तरुण त्याच्या निम्म्या वेगाने चालतो; त्यांना ३० सेकंद लागतात. सिग्नल वाढवता येत नसेल तर मधल्या दुभाजकात किमान दीड मीटर खोल, रस्त्याच्या पातळीची मोकळी जागा सोडा, म्हणजे दोन टप्प्यांत जाता येईल. दुभाजकाला फट पाडून तिच्यात कुंडी ठेवू नका.

मेट्रोबद्दल न्यायाने बोलायला हवे. ६ मार्च २०२२ पासून सुरू झालेल्या पुणे मेट्रोत लिफ्ट आहे, डब्यात व्हीलचेअरची जागा आहे, सूचना ऐकू येतात. दिवाणी न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे आणि तिथे खुर्चीवरून विनासायास उतरता येते. अडते ते लिफ्टमधून वर आल्यावर, समोरच्या १५ सेंटिमीटरच्या दगडाशी. स्थानकाच्या प्रत्येक लिफ्टपासून जवळच्या बसथांब्यापर्यंत आणि रिक्षाथांब्यापर्यंतची वाट स्थानकाचाच भाग धरून तपासली पाहिजे.

बसमध्ये बहुतेक वेळा यंत्र अडत नाही, सवय अडते. खालच्या तळाच्या बसला मधल्या दाराशी घडीचा रॅम्प असतो, तो हाताने उघडून बाहेर टाकायचा असतो. तो चालण्यासाठी बस थांब्याच्या कडेला चिकटून उभी राहावी लागते. रिक्षा मध्ये असल्या की ती रस्त्याच्या मधोमध थांबते, रॅम्प पदपथाऐवजी रस्त्यावर पडतो आणि त्याचा चढ दुप्पट होतो. बरेच दिवस न उघडल्याने बिजागरीत माती जाऊन रॅम्प जाम होतो. डेपोत रोज सकाळी हवा आणि ब्रेक पाहतात तसे एकदा तो उघडून मिटवावा. एका मिनिटाचे काम आहे. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गावरच्या थांब्यात फलाट आणि बसचा तळ समपातळीत असतो, तिथे चालकाने फटीकडे लक्ष दिले की रॅम्पही लागत नाही. आणि बस थांबताच तिचा क्रमांक बाहेरच्या बाजूला ऐकू यायला हवा. आतली घोषणा आत बसलेल्यांना उपयोगी. थांब्यावरच्या अंध माणसाला ‘ही कोणती?’ हे विचारायला शेजारी कोणी असावे लागते.

जुन्या पेठांत दुकान, दवाखाना, बँक सगळेच जोत्यावर. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर; त्याला ५.४० मीटरचा उतार हवा, आणि तेवढा तर बोळच रुंद नसतो. तिथे खोटा, उभा रॅम्प बांधू नये. तो न बांधलेलाच बरा, कारण त्यावरून लोक पडतात आणि मालकाला मात्र काम झाल्याचे समाधान मिळते. त्याऐवजी पायरीच्या खाली, ९० सेंटिमीटर ते १.२० मीटर उंचीवर घंटा लावावी आणि व्यवहार खाली येऊन करून द्यावा. जागा असेल तर छोटी उभी लिफ्ट बसवावी. एकाच पायरीला ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प चालतो. स्वच्छतागृहांचे दुखणे त्याहून साधे आहे. दिव्यांगांसाठीची खोली असते, पण तिला कुलूप असते आणि आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन. दार ९० सेंटिमीटरचे, बाहेर उघडणारे हवे, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारे दार उघडतच नाही. कमोडच्या एका अंगाला ९० सेंटिमीटर जागा सोडायची, म्हणजे खुर्ची बाजूला लावून सरकता येते. कमोड नेमका कोपऱ्यात घातला की दोन्ही बाजूंचे आधारदांडे निव्वळ शोभेचे ठरतात.

कायदा कमकुवत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४४ सांगते की सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) रद्द ठरवला, कारण कायद्याला बंधनकारक निकष अपेक्षित असताना तो नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर भागवत होता. बंधनकारक निकष तीन महिन्यांत करा, असा केंद्राला आदेशही दिला. आमची मोजदाद त्या निकालानंतरही तीच आहे. नाव अपंगाचे दिव्यांग झाले, कडेचा दगड होता तेवढाच राहिला.

तक्रार करणाऱ्यांना एक सूचना. ‘पदपथ खराब आहे’ एवढेच लिहिलेले पत्र फाइलीत जाते. फोटोत टेप किंवा पाणसळ दिसू द्या, शेजारच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, ‘मोकळी रुंदी ६८ सेंटिमीटर, हवी ९०’ असा आकडा द्या. क्षेत्रीय कार्यालयात पोच घ्या. दाद लागली नाही तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. कलम ८० खाली राज्य आयुक्त चौकशी करून शिफारस करू शकतात, आणि कलम ८१ नुसार संबंधित यंत्रणेने काय केले ते तीन महिन्यांत कळवायचे असते. कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम. बी., माहिती अधिकारात मागता येते. त्यात किती घनमीटर काँक्रीट पडले आणि किती चौरस मीटर ब्लॉक बसले हे पैशापर्यंत लिहिलेले असते. उताराचे प्रमाण मात्र कुठेच नसते.

आमची मागणी त्याच पुस्तिकेपुरती आहे. पदपथाच्या प्रत्येक कामाच्या एम. बी. मध्ये चार आकडे भरल्याशिवाय अंतिम बिल निघू नये: प्रत्येक उताराचे तीन जागी मोजलेले प्रमाण, त्याच्या पायाशी असलेली कड मिलिमीटरमध्ये, दोन अडथळ्यांमधली सर्वांत कमी मोकळी रुंदी आणि डोक्यावरची मोकळी उंची. कनिष्ठ अभियंत्याबरोबर एक व्हीलचेअर वापरणारी आणि एक पांढरी काठी वापरणारी व्यक्ती त्या वाटेवरून चालून पाहील आणि त्यांनाही मानधन मिळेल. माणसे बाहेरून आणायला नकोत. कोथरूड आणि कोरेगाव पार्कच्या अंधशाळा, खडकीचे पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळ्या झालेल्यांचे) पुनर्वसन केंद्र, १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र, सगळे याच शहरात आहे. आकडा चुकला तर दोषदायित्वाच्या, म्हणजे कामातल्या दोषाला ठेकेदार जबाबदार असतो त्या मुदतीत त्याने स्वखर्चाने तो भाग फोडून पुन्हा करावा. पाहणी मात्र दोनदा हवी, एकदा कोरड्यात आणि एकदा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. कारण मार्चमध्ये प्रत्येक उतार कोरडा असतो.

आपले,
सुगम्यता तपासणीचे काम करणारे काही वाचक, पुणे